शेकाट्यामागचं कुंपण

माझ्या ज्या एका फोटोमुळे चार लोक मला ओळखतात, तो पाहणारा जवळजवळ प्रत्येकजण एकच गोष्ट म्हणतो: मागचं पाणी किती मोकळं आलं आहे.

फोटोत शेकाट्याची मादी आहे. शेकाट्या म्हणजे उथळ पाण्यात चालणारा, काळ्या पंखांचा आणि पांढऱ्या अंगाचा पक्षी. पाय एवढे लांब आणि लाल, की अंगाखाली कुणी दोन काड्या खोचल्यासारखं वाटतं. ही मादी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आली आहे आणि चार अंड्यांवर, पाय अर्धवट दुमडून, टेकायच्या बेतात आहे. पोटाखालून एक थेंब सुटलेला दिसतो. आमच्या वऱ्हाडातल्या मे महिन्यात उघड्या गाळावरची अंडी तापून उकडू नयेत म्हणून हे पक्षी दिवसभर अशा खेपा घालतात. तिच्या मागे काहीही नाही. संध्याकाळचं तांबूस पाणी आहे, बस.

हा फोटो कॅलेंडरवर आला, शाळांच्या भिंतींवर लागला. अकोल्यात माझा सत्कार झाला तेव्हा मंचाच्या मागे तोच होता. जिथे तो लागे तिथे खाली एक ओळ असे: ही घरटी दुसऱ्याच दिवशी डांगरवाडीवाल्याच्या कुत्र्याने उद्ध्वस्त केली. ती ओळ मी सांगितली म्हणून छापली गेली. ती खोटी आहे. आणि मागचं पाणी मोकळं नव्हतं. ते मी मोकळं केलं होतं.

मी बडनेऱ्याला रेल्वेत नोकरीला होतो. पाळ्यांची नोकरी, त्यामुळे आठवड्यातले काही दिवस सकाळ रिकामी मिळे, काही दिवस संध्याकाळ. तिशीत कॅमेऱ्याचा नाद लागला. आधी लग्नं, मग देवळं, मग एकदा एका मित्राबरोबर मोर्शीच्या रस्त्यावरच्या एका तलावावर गेलो आणि तिथून पुढे मला पक्ष्यांशिवाय काही सुचेना. हिवाळ्यात तिथे दूरदेशीची बदकं उतरायची, चिखलात तुतवार आणि चिखले पळायचे, पहाटे धुक्यात करकोच्यांचा आवाज यायचा. पण माझा जीव उन्हाळ्यातल्या शेकाट्यांवर. बाकीचे पक्षी परत जायचे, हे आमचे. आमच्या उन्हात राहून अंडी घालणारे.

तेव्हा रोलचा जमाना होता. एका रोलमध्ये मोजके फोटो, ते धुऊन यायला पंधरवडा. आता पोरं एका पक्ष्यामागे शंभर वेळा बटण दाबतात आणि नव्व्याण्णव पुसून टाकतात. आम्ही एका बटणासाठी अख्खी दुपार बसायचो. पत्नीने जुनी गोणपाटं जोडून मला लपण शिवून दिलं होतं, बसल्यावर डोक्यावरून घ्यायचं, पुढे लेन्सपुरतं भोक. "यात बसून दिवस काढता, तेवढा वेळ घरात बसले असते तर पोरांनी तुम्हाला ओळखलं असतं," असं ती म्हणायची. लपण मात्र दर वर्षी उसवलं की पुन्हा शिवून द्यायची.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी मागे सरकतं आणि काळा गाळ उघडा पडतो. ती जमीन सरकार हंगामापुरती पेरायला देतं. तिला गाळपेर म्हणतात. त्या तलावावर एक भोई कुटुंब होतं. एरवी मासे धरायचे, उन्हाळ्यात गाळपेरीवर टरबूज-खरबूज लावायचे. खरबुजाला आमच्याकडे डांगर म्हणतात, म्हणून ती डांगरवाडी. वाडीवाला माझ्याच वयाचा, उंच, कायम डोक्याला पंचा. वाडीला तीन बाजूंनी बाभळीच्या वाळक्या काट्यांचं कुंपण, चौथ्या बाजूला पाणी. कुंपणाची दोन्ही टोकं पाण्यात नेऊन सोडलेली, म्हणजे काठाकाठानेही कुणी आत शिरू नये. वेलांचा शेवटचा वाफा आणि पाणी यांच्या मधे ओलसर गाळाची एक पट्टी राहायची. फोटोच्या त्या वर्षी शेकाट्यांनी तिथेच घरटी केली. आठ-दहा तरी असतील.

वाडीत जायला मला त्याची परवानगी लागायची आणि ती तो थट्टा केल्याशिवाय देत नसे.

"या, फोटोवाले भाऊ. आज कोनाचं लगन हाय? या लांबटांग्याचं?"

"लग्न झालं त्यांचं. आता बारसं आहे."

"मंग पेढे आना लेकहो! दोन वर्सापासून पाहून राहिलो, तुमी खाली हातानं येता अन् माये डांगरं खाऊन जाता."

हे खरं होतं. मी जाताना तो एक डांगर हातात ठेवायचाच. आणि आणखी एकजण डांगर खाणारा होता, त्याचा कुत्रा. तपकिरी रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. फुटलेलं डांगर दोन पायांत धरून तो बियांसकट चाटून पुसून खायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आवरेना.

"हसता काहून?" वाडीवाला म्हणाला. "माळकरी हाय तो. मासा देला त हुंगून सोडून देते. भोयाच्या घरी असा जलमला, आता काय करता!"

तो कुत्रा दुपारी कुंपणाच्या सावलीला, पाण्याजवळच्या टोकाशी झोपायचा. घरटी तिथून हाकेच्या अंतरावरही नव्हती, अगदी लगत होती. पक्षी पहिले दोन दिवस ओरडले असतील, नंतर त्यांनी त्याची दखल घेणं सोडलं. मी आलो की मात्र सगळा थवा डोक्यावर घिरट्या घालून कलकलाट करायचा.

मला हवा होता तो एकच फोटो. भिजल्या पोटाने येणारी मादी, खाली अंडी, मागे मावळतीचं पाणी. जागा सापडली होती, प्रकाश कुठून येतो हे माहीत होतं. अडचण एकच. जिथे बसल्यावर उजेड बरोबर पडायचा, तिथून घरट्याच्या नेमकं मागे कुंपणाचं पाण्यातलं टोक यायचं. लाल पाय आणि वेड्यावाकड्या काटक्या एकमेकांत मिसळून जायच्या. मी तसे दोन-तीन फोटो काढूनही पाहिले. वाया गेलेले.

वाडीवाल्याला मी एकदा विचारलं होतं, थोडं कुंपण दोन तासांसाठी बाजूला घेऊ का. त्याने मान हलवली. "काट्याले हात लावू नोका, भाऊ. पलीकडच्या वस्तीतले कुत्रे टपूनच बसले हायेत. रातचे रानडुकरं येतात. एक रात काटी सरकली का वाडी साफ."

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला त्याच्या साळ्याच्या मुलीचं लग्न निघालं, परतवाड्याला. सगळं घर जाणार होतं. निघताना तो म्हणाला, "तुमी त बसूनच राहता. वाडीकडे जरा ध्यान ठेवजा. उद्या दुपारपर्यंत येतोच आमी." कुत्र्याला त्याने झोपडीच्या खांबाला बांधलं, पुढे पाण्याची कुंडी ठेवली.

मी हो म्हणालो.

ते गेले आणि तासाभरात मी कुंपणाचं टोक ओढायला लागलो. बाभळीच्या फांद्या एकमेकांत अडकलेल्या असतात, एक ओढली की चार येतात. हात रक्ताळले. पाण्यातला भाग आणि काठावरच्या चार-पाच फांद्या, एवढं मी बाजूला केलं. माणूस आडवा जाईल एवढी वाट झाली. मग लपणात जाऊन बसलो.

ती आली तेव्हा सूर्य टेकायला आला होता. पाण्यात दोनदा बसून तिने पोट भिजवलं, गाळावरून चालत आली, अंड्यांपाशी थांबली, मान खाली घालून पाहिलं. थेंब सुटला तेव्हा मी बटण दाबलं. मला तिथेच कळलं होतं की हा फोटो मिळाला. धुऊन यायची गरज नव्हती. आयुष्यात इतका आनंद मला मोजक्या वेळा झाला आहे, हेही इथे लिहून ठेवतो. कारण पुढचं त्याच आनंदात घडलं.

उठलो तेव्हा अंधार पडायला अवकाश होता. फांद्या परत लावता आल्या असत्या. मी लावल्या नाहीत. वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आलो की शेवटची बस चुकली असती. बस होती. खरं कारण असं, की दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्याच जागेवरून उलट्या उजेडात तसाच एक फोटो काढायचा होता, आणि काटे पुन्हा ओढायचा मला कंटाळा आला. मी मोर्शीला ओळखीच्या एकाकडे मुक्काम केला आणि डाराडूर झोपलो.

सकाळी गेलो तर पट्टीवर एकही पक्षी बसलेला नव्हता. काही पाण्यात उभे होते, काही नुसते वर फिरत होते. घरट्यांत कवचं होती. काही घरट्यांत तीही नव्हती. गाळभर कुत्र्यांच्या पंजांचे ठसे होते, एकाचे नव्हे, कितीतरी. ते पाण्याच्या कडेने, मी केलेल्या वाटेतून आत आले होते. वेल तुडवले होते, फळं फोडलेली. वाडीवाल्याचा कुत्रा खांबाला बांधलेलाच होता. भुंकून भुंकून त्याचा आवाज बसला होता. दोरी ताणून त्याने गळ्याभोवती कातडं सोलून घेतलं होतं.

मी काय केलं ते क्रमाने लिहितो. आधी फांद्या जागेवर ओढल्या, पाण्यातल्या पाण्यात, काठावरच्या काठावर. मग गाळावरून लपणाचं गोणपाट ओढत नेलं, ठसे पुसले गेले. आणि मग कुत्र्याची दोरी सोडली.

दुपारी ते लोक आले. बायकांच्या अंगावर लग्नातली लुगडी होती. वाडीवाला सगळीकडे फिरला. कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, हाताने फांद्या हलवून पाहिल्या. मग माझ्याकडे आला.

"काटी त जागच्या जागी हाय. मंग आलं कोन?"

मी म्हणालो, "मी आलो तेव्हा तुमचा कुत्रा सुटलेला होता."

तो कुत्र्याकडे पाहत राहिला. "हा?"

"बाहेरून कुणी आलं असतं तर कुंपण तुटलं असतं ना."

एवढंच बोललो मी. ते कोणत्याही माणसाला पटलं असतं.

पुढचं सगळं त्यातून आपोआप झालं असं म्हणायचा मोह होतो, पण आपोआप काही होत नाही. अमरावतीत आमचा पक्षी पाहणाऱ्यांचा एक गट होता. त्यांना मी तेच सांगितलं. कुणीतरी वर्तमानपत्रात लिहिलं, शेजारी माझा फोटो छापला. फोटो इतका देखणा होता की वाचणाऱ्याच्या मनात राग उठावा. गटाने अर्ज केला, त्यावर पहिली सही माझी. पुढच्या वर्षी त्या काठाची गाळपेर बंद झाली. वाडीवाला मोर्शीच्या संत्र्याच्या बागांत मजुरीला जायला लागला, असं कानावर आलं. मी त्या तलावावर जाणं सोडलं. मोर्शीची बस तलावाजवळून जायची तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीला बसायचो.

निवृत्तीनंतर मी अकोल्याला मुलाकडे आलो. पत्नी गेली. तिला मी हे सांगितलं नव्हतं. लपण माझ्याकडे अजून आहे.

गेल्या पावसाळ्यात अमरावतीहून एका मुलीचा फोन आला. जुन्या गटाच्या जागी आता तरुणांचा गट आहे, ती त्यात होती. नीटनेटकी, अभ्यासू मुलगी. ते लोक तलावांवरच्या पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवणार होते आणि माझा फोटो दारातच लावायचा होता.

"काका, आणि अजून एक," ती म्हणाली. "त्याच तलावाच्या पलीकडच्या काठावर मधल्या काळात गाळपेर पुन्हा सुरू झाली आहे. शेकाट्यांची घरटीही तिथेच असतात. ही गाळपेर बंद करावी म्हणून आम्ही अर्ज देतोय. तुमच्या फोटोसारखा पुरावा दुसरा नाही आमच्याकडे. इतिहासच आहे तो."

"वाडी कोण करतं तिथे?" मी विचारलं.

"एक भोई कुटुंब आहे. बाई करते, नवरा मासेमारीला जातो. तिचा सासरा पूर्वी तुमच्या त्या काठावर होता म्हणे. म्हणजे बघा ना, तेच लोक."

तेच लोक. मी फोन ठेवला. एकदा त्या माणसाची जमीन माझ्या शब्दावर गेली होती. आता त्याच्या सुनेची जाणार होती, आणि या वेळी मला खोटं बोलायचीही गरज नव्हती. गप्प बसलं की पुरे होतं.

कपाटातून स्लाइडचा डबा काढला. त्या फोटोच्या शेजारीच वाया गेलेल्यांतली एक स्लाइड होती, आधीच्या दिवशी त्याच जागेवरून काढलेली. खिडकीच्या उजेडात धरली. तीच मादी, अंड्यांवर बसलेली. मागे आडवेतिडवे काटे. आणि काट्यांच्या सावलीत एक तपकिरी डाग. भिंग लावून पाहिलं. कुत्रा होता. अंगाचं मुटकुळं करून झोपलेला, एक कान उभा. त्याच्यापासून हातभर अंतरावर दुसरं घरटं, आणि त्यावरचा पक्षीही बसलेला. इतकी वर्षं ही स्लाइड माझ्याच कपाटात होती. मी ती पाहिली होती, टाकाऊ म्हणून.

दोन्ही फोटोंच्या प्रती काढल्या, मोठ्या, आणि मोर्शीला गेलो. अकोल्याहून बडनेरा, तिथून अमरावती, पुढे बस. या वेळी तलावाच्या बाजूच्या खिडकीला बसलो.

त्यांचं घर तलावाजवळच्या वस्तीच्या टोकाला होतं. वाडीवाला ओट्यावर बसून जाळ्याची गाठ सोडवत होता. गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, डोक्याला पंचा तोच. त्याने मला आवाजावरून ओळखलं.

"फोटोवाले भाऊ? अबे, जित्ते हाये का तुमी! सूनबाई, चा मांड. अन् पाहा, पेढे आनले का यानं आज तरी."

मी पेढे नेले नव्हते. चहा होईपर्यंत थांबावं असं वाटलं, मग वाटलं की चहा पिऊन सांगणं आणखी वाईट. सगळं सांगितलं. काटे ओढले ते, परत लावले नाहीत ते, सकाळी लावले ते, ठसे पुसले ते, दोरी सोडली ते. सून चहाची कपबशी घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. ती तिथेच थांबली.

वाडीवाल्याने हातातलं जाळं बाजूला ठेवलं.

"म्हंजे तो बांधेलच होता," तो म्हणाला.

"हो."

"रातभर."

"हो. भुंकून आवाज बसला होता त्याचा. दोरीनं मान सोलली होती."

"ते पाह्यलं होतं मी. मले वाटलं, दोरी तोडाले गेला असन, अंडे खायाले." तो थांबला. "मले पटेच ना, भाऊ. मी बायकोले म्हनलं, हा डांगर खानारा कुत्रा, हा अंडे काहून खाईन? पन तुमी म्हनले, भाईरून कोनी आलं असतं त काटी तुटली असती. तुमी शिकलेले, दिवसभर तिथंच बसेल. मंग मी मानलं."

मी विचारलं, "कुत्र्याचं काय झालं?"

"गाळपेरीचा साहेब म्हने, कुत्रा नसन त पाहू पुढच्या वर्सी जमिनीचं. मंग सायकलवर बांधून नेला, परतवाड्याच्या बजारात सोडला. चार दिवसात वापस. पायाची सालटी निघेल, पन आला. येऊन कुंपनाच्या सावलीत त्याच्या जाग्यावर निजला." त्याने पंचाने तोंड पुसलं. "दुसऱ्या खेपेले घाटात नेला, मेळघाटात. तिकून नाई आला. अन् जमीन बी नाई भेटली."

मग तो म्हणाला, आवाज न चढवता, "तवाच काहून नाई सांगतलं? मी काय तुमाले मारलं असतं? शिव्या देल्या असत्या दोन. वाडी गेली त गेली, फिरून लावली असती. तो त वाचला असता, बाप्पा."



सुनेने कपबशी खाली ठेवली, माझ्यापुढे नाही, उंबऱ्यावर. "मामाजी, याले चा देऊन राहिली होती मी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "इथं सांगून काय होते? आमाले त मालूम हाये आमी काय केलं नाई. ते शहरातले पोट्टे फोटो घेऊन साहेबाकडे चालले. माह्या वाडीवर. तिथं सांगा ना. तिथं होते का हिंमत?"

"त्यासाठीच आधी इकडे आलो."

"मंग मी येतो संगं. आयकाले," सून म्हणाली.

मी पिशवीतून फोटो काढले. पहिला, गाजलेला फोटो म्हाताऱ्याने हातातही घेतला नाही. दुसरा, काट्यांचा, मी त्याच्या डोळ्यांजवळ धरला आणि तपकिरी डागावर बोट ठेवलं. त्याने फोटो घेतला, तिरपा केला, उजेडाकडे नेला, पुन्हा जवळ आणला.

"कान पाह्य त्याचा," तो सुनेला म्हणाला. "हाच. एक उभा राहे, एक पडे."

तो फोटो त्याने परत दिला नाही. मी मागितला नाही. अमरावतीला दुसरी प्रत काढून घेतली.

गटाची बैठक एका शाळेच्या खोलीत होती. मुलं-मुली लॅपटॉप घेऊन बसलेली. सून माझ्या शेजारी, पदर खांद्यावरून घट्ट ओढून. मी दोन्ही फोटो टेबलावर ठेवले आणि ओट्यावर जे सांगितलं तेच सांगितलं. माझ्या फोटोची तारीफ करत मोठा झालेला एक तरुण मान खाली घालून बसला. त्याच्याकडे पाहणं मला सगळ्यांत जड गेलं.

फोन करणारी मुलगी बराच वेळ दोन्ही फोटो पाहत होती. "काका, पण गाळपेरीमुळे घरट्यांना त्रास होतोच ना? औषधं फवारतात, माणसं चालतात..."

"होत असेल. ते तुम्ही नीट पाहा, जे दिसेल ते लिहा. हे मात्र गाळपेरीमुळे झालेलं नव्हतं."

"फवारनी शेवटच्या वाफ्यात मी करतच नाई," सून मधेच म्हणाली. "येऊन पाहा. पन काटीच्या आंदर माह्याशिवाय पाय ठेवायचा नाई. यायच्यासारखे अजून फोटोवाले असतीन तुमच्यात." तिने माझ्याकडे मान वळवली. कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं.

अर्ज त्यांनी दिला नाही. त्या दिवशी तेवढंच ठरलं. प्रदर्शनात दारातली जागा रिकामी ठेवायची की नाही यावर वाद झाला. शेवटी माझ्या सांगण्यावरून तिथे दोन्ही फोटो शेजारी शेजारी लागले आणि खाली काय झालं ते साध्या शब्दांत, माझ्या नावासह. काही लोकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. एका जुन्या मित्राने फोन करून विचारलं, या वयात हे उकरून काय मिळवलं. त्याला मी कुत्र्याची गोष्ट सांगायला लागलो, तर त्याने विषय बदलला.

सुनेची वाडी यंदा लागली. मे महिन्यात तिच्या नवऱ्याचा फोन आला. "बाबा म्हनते, लांबटांगे आले, पाहाले येता का. अन् हे म्हनते," मागून सुनेचा आवाज आला, "कॅमेरा घरी ठेवून या म्हना!"

मी पेढे घेऊन गेलो. म्हाताऱ्याने एक तोंडात टाकला आणि बाकीचे नातवंडांकडे सरकवले. त्याच्या खोलीत, देवांच्या तसबिरींच्या खाली, तो काट्यांचा फोटो खिळ्याला अडकवलेला होता. माझ्या लक्षात आल्याचं त्याने पाहिलं.

उन्हं उतरल्यावर सून मला वाडीपाशी घेऊन गेली. आत नेलं नाही. कुंपणाच्या बाहेर एक दगड दाखवला आणि "इथं बसा," म्हणून ती वेलांना पाणी घालायला निघून गेली. बसल्यावर घरटी पूर्ण दिसत नव्हती. काट्यांच्या फटींतून एकदा लाल पाय दिसे, एकदा पांढरं पोट. मादी पाण्याकडे गेली, परत आली. पोट भिजलेलं असावं, थेंब मला दिसला नाही. मी फटीसाठी मान वाकडी केली, हात सवयीने पुढे गेला, एका फांदीला लागला. मी तो मागे घेतला आणि अंधार पडेपर्यंत, जेवढं दिसत होतं तेवढं पाहत बसलो.